तेराव्याच्या ठेवीवरचं कार्ड

सासूबाईंना ऐकू कमी येतं, हे आम्ही शहागंजात राहत होतो तोवर आम्हाला कळलंच नाही. तिथं सगळेच ओरडून बोलतात. खाली हातगाड्या, रिक्षांचे भोंगे, समोरच्या कापडदुकानातला माणूस दिवसभर "आओ बाजी, देखके तो जाओ" म्हणत उभा. अशा गलक्यात एखाद्या बाईनं दोनदा "काय?" विचारलं तर त्यात वावगं ते काय? लग्न होऊन मी त्या भाड्याच्या घरात आले आणि महिन्याभरात मीही मोठ्यानं बोलायला लागले. सासरची रीत असेल, असं धरून चालले.

मग शहर पसरायला लागलं आणि त्याच्याबरोबर आम्हीही सरकलो. तेव्हा औरंगाबादच म्हणायचो. बीड बायपासच्या पलीकडे, जिथं थोड्याच वर्षांपूर्वी ज्वारी उभी असायची, तिथल्या एका नव्या इमारतीत नवऱ्यानं कर्ज काढून फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना सासरे दारातच सांगत होते, "या, या. बँकेचं घर आहे, पण बसायला बँकेची हरकत नाही." जागा ऐसपैस, हवा मोकळी, शेजार शांत. नळ गळला असता तर त्याची टपटपसुद्धा ऐकू आली असती, पण नळाला पाणीच नव्हतं.

ती दुष्काळाची वर्षं होती. इमारतीचा बोअर आटलेला. टँकर यायचा, पण कधी येणार हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. तो फाटकाशी दोनदा हॉर्न वाजवायचा आणि ज्यांचं माणूस खाली येईल त्यांच्या ड्रममध्ये पाइप सोडायचा. दुपारी आमच्या घरात सासूबाई एकट्या. नवरा चितेगावच्या कारखान्यात, मी शाळेत गणित शिकवायला, सासरे निवृत्त मंडळींच्या कट्ट्यावर. संध्याकाळी येऊन बघावं तर शेजारपाजाऱ्यांचे ड्रम भरलेले आणि आमचा कोरडा ठणठणीत. सासूबाई म्हणायच्या, "आज टँकर आला कुठं?" आम्ही टँकरवाल्याच्या नावानं बोटं मोडायचो.

एकदा शाळा लवकर सुटली. मी फाटकापाशी पोचले तेव्हा टँकर उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. वर पाहिलं तर आमच्या बाल्कनीत सासूबाई तांदूळ निवडत बसलेल्या. हॉर्नच्या अगदी डोक्यावर. आजूबाजूची कबुतरं उडाली, पण त्यांनी मान वर केली नाही. आम्ही सगळे शहाणे घरात असून हे आम्हाला एका टँकरनं सांगावं, याची मला लाज वाटली.

क्रांती चौकाजवळच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली. दोन्ही कानांना मशीन लागेल म्हणाले, आणि मग आमच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "उशीर करू नका. कानावर शब्द पडले नाहीत की मेंदू शब्द ओळखायचं विसरतो. मग मशीन लावलं तरी नुसता आवाज येतो, बोलणं कळत नाही."

सासूबाई आमच्या मध्ये बसून हसत होत्या. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. सगळे हसले की त्यानंतर अर्ध्या क्षणानं त्या हसायच्या. मला वाटायचं, स्वभाव भिडस्त असेल. नवरा सांगायचा की त्याच्या लहानपणी गल्लीतली एकही बातमी आईच्या हातून सुटत नसे, आणि मला ते खरंच वाटत नसे. आता कळलं की त्या बाई हळूहळू गप्प होत गेल्या होत्या आणि घरातल्या कुणाला ते टोचलं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलेल्या दुकानात दोन्ही कानांच्या मशीनची किंमत ऐकल्यावर सासऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "एका कानाचं काय पडेल?" काउंटरवरच्या मुलीनं तेही सांगितलं, आणि वर म्हणाली, "हप्ते आहेत, काका. बिनव्याजी. फक्त क्रेडिट कार्ड लागेल."

सासऱ्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ते कोर्टात नाझर होते. घराण्यात पूर्वी भिक्षुकी, मग कारकुनी, आणि कारकुनीतून हे नाझरपद. ज्यांनी कर्ज फेडलं नाही त्यांच्या घरातून कोर्टाच्या हुकुमानं बेलिफ जो माल उचलून आणत, तो यांच्या ताब्यात यायचा. पंखे, शिवणयंत्रं, खुर्च्या, एकदा तर म्हणे नवऱ्यामुलाचा फेटाही. जन्मभर दुसऱ्यांच्या घरातलं सामान मोजून घेतलेला माणूस उधारीला किती भीत असेल, हे वेगळं सांगायला नको. रिक्षात बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "सूनबाई, क्रेडिट कार्ड म्हणजे खिशात बाळगलेला बेलिफ."

पण दुसरा मार्ग दिसत नव्हता. पाणीकपातीमुळं कारखान्याची एक पाळी बंद होती आणि नवऱ्याचा पगार लांबत होता. माझी शाळा खासगी. पालक फी भरतील तेव्हा आमचा पगार, आणि पालक पाऊस पडेल तेव्हा फी भरणार. त्यात घराचा हप्ता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. घरात एकच गाठ शिल्लक होती, ती म्हणजे सासऱ्यांची मुदतठेव. ती त्यांनी आणि सासूबाईंनी दोघांच्या दहाव्या-तेराव्यासाठी ठेवली होती. आपल्या माघारी मुलाला लोकांपुढं हात पसरावा लागू नये, हा त्यामागचा विचार. मी म्हटलं, ही ठेव मोडू. सासरे कबूल झाले असते, पण सासूबाईंनी साफ सांगितलं, "माझ्या कानापायी तेराव्याचं जेवण खायचं नाही. मला येतं ऐकू." हे त्या दर वेळी म्हणायच्या, आणि दर वेळी आम्ही काही विचारलेलं नसताना म्हणायच्या.

तेव्हा कार्डच पाहायचं ठरलं. सासऱ्यांनी एक अट घातली. कार्ड घरात येणार तर रीतसर बघून येईल. घराणं, वय, देणंघेणं, सगळं. "मुलगी देताना चौकशी करतो, मग कार्ड आणताना नको का?" म्हणाले. एका रविवारी चक्क पोहे झाले.

पहिलं स्थळ सोनेरी होतं. टाय लावलेला एक तरुण ते घेऊन आला. त्याला बसायला खुर्ची आणि प्यायला अर्धा ग्लास पाणी दिलं. त्या वर्षांत अर्धा ग्लास हाच शिष्टाचार होता. पूर्ण ग्लास देणारं घर एक तर श्रीमंत समजायचं किंवा अडाणी. तो म्हणाला, या कार्डावर विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट बसायला मिळतं.

"फुकट म्हणजे?" सासरे म्हणाले.

"सोफा, कॉफी, सँडविच. सगळं फ्री, अंकल."

"म्हणजे इथून चिकलठाण्याला जायचं, कॉफी प्यायची आणि परत यायचं."

"नाही नाही, विमानाचं तिकीट पाहिजे ना."

"ते तिकीट कार्डवाले देतात का?"

तरुणानं माझ्याकडं मदतीसाठी पाहिलं. मी पोह्यांवर खोबरं घालत होते. मग सासऱ्यांनी वार्षिक फी विचारली, पहिल्या वर्षी माफ आणि दुसऱ्या वर्षापासून लागू हे त्याच्याकडून वदवून घेतलं आणि शेवटचा प्रश्न टाकला, "आणि नाहीच पटलं तर सोडचिठ्ठी कशी देतात?" कार्ड बंद कसं करतात हे त्या बिचाऱ्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो वही काढून शोधायला लागला. सासरे म्हणाले, "ज्या घरातून बाहेर पडायचं दार माहीत नाही, तिथं आत पाऊल टाकू नये." स्थळ नाकारलं.

दुसरं पेट्रोलचं. जितकं पेट्रोल भराल तितके पैसे परत. नवरा कंपनीच्या बसनं जायचा आणि आमची स्कूटर फक्त भाजी आणायला निघायची. नवरा म्हणाला, "पैसे परत मिळवायचे म्हणून रोज दौलताबादला चकरा मारू का?" सासूबाई हसल्या. नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागून.

तिसऱ्याच्या बाबतीत मात्र माझं डोकं फिरलं. हा गृहस्थ आमच्या जुन्या मोहल्ल्यातलाच निघाला, त्यामुळं आल्या आल्या मांडी घालूनच बसला. त्याच्या कार्डावर पॉइंट मिळायचे आणि भरपूर पॉइंट झाले की डिनर सेट. "और चाचा, बिल पूरा भरने की जरूरतच नहीं," तो म्हणाला. "मिनिमम ड्यू भरते रहो, बाकी टेन्शन नक्को लेओ."

मी माणसांवर सहसा चिडत नाही, पण चुकीच्या गणितावर चिडते. वर्तमानपत्राच्या कडेला मी त्याच्यासमोर आकडेमोड केली. किमान रक्कमच भरली तर उरलेल्यावर महिन्याच्या महिन्याला व्याज. ते व्याजही खरेदीच्या दिवसापासून. आणि जुनं थकलेलं असताना नवं काही घेतलं तर त्यालाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. म्हटलं, "भाऊ, या हिशेबानं सासूबाईंच्या कानाचं मशीन त्यांच्या पणतवंडांच्या लग्नापर्यंत फिटेल. ती पंगत तुमच्या डिनर सेटमध्ये वाढायची का?"

त्यानं शांतपणे पोहे संपवले, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, सच बोलूं तो मैं खुद नहीं रखता कार्ड." सासऱ्यांना तो माणूस फार आवडला. कार्ड घेतलं नाही, पण त्याला दुसऱ्यांदा पोहे वाढले.

एवढ्या बघण्याच्या कार्यक्रमांतून मला एक गोष्ट कळली. आम्ही सगळे त्या कार्डांना काय काय येतं ते विचारत होतो, आणि आपल्या घराला काय झेपतं ते कुणी बोलत नव्हतं. आम्हाला सोफा नको, पेट्रोल नको, बश्याही नकोत. आम्हाला फुकट, साधं, मुकाट्यानं एकच काम करणारं कार्ड हवं. आणि त्याचं बिल अशा तारखेला यायला हवं, की तोवर घरात पैसे आलेले असतील. शेवटची अट सगळ्यात अवघड, कारण आमच्या घरात पैसे कधी येतील हे आमचं आम्हालाच ठाऊक नसायचं.

ते बँकेलाही कळलं. नवऱ्याचा अर्ज परत आला, कारण पगार अनियमित आणि डोक्यावर घराचं कर्ज. माझा परत आला, कारण पगाराला पगार म्हणायला बँक तयार नव्हती. मी आणि सासरे शेवटी शाखेत जाऊन बसलो. तिथल्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "घरात ठरल्या तारखेला येणारं उत्पन्न कुणाचं आहे?"

मी शेजारी बघितलं. सासरे छताच्या पंख्याकडं बघत होते. पेन्शन. महिना उजाडला की खात्यात जमा, दुष्काळ असो की पूर. सगळ्या घरात क्रेडिट कार्डाला लायक माणूस एकच होता, आणि तो क्रेडिट कार्डाच्या नावानं अंघोळ करणारा होता.

बाई म्हणाल्या, "वयामुळं काकांना साधं कार्ड देता येणार नाही. पण ठेव असेल तर ठेवीवर देतो. फी नाही. ठेव मोडायची नाही, तिचं व्याजही चालू राहतं. फक्त कार्ड चालू आहे तोवर ती अडकलेली."

"म्हणजे तारण," सासरे म्हणाले.

"तारण म्हणा."

ते उठले. "विचार करून सांगतो," म्हणाले आणि बाहेर पडले. रिक्षा न करता चालायला लागले, म्हणून मीही चालले. ऊन रणरणत होतं. निराला बाजाराच्या कोपऱ्यावर एका रसवंतीच्या सावलीला ते थांबले आणि माझ्याकडं न बघता बोलले, "तारण ठेवून गेलेली माणसं मी लई पाहिलीत सूनबाई. सोडवायला आलेली कमी." मग म्हणाले, "हल्ली ती माझ्याशी बोलत नाही. मला ओरडूनच बोलावं लागतं ना. तिला वाटतं, मी रागावलोय. मी नाही रागावत. पण ओरडून बोललेलं सगळं रागावल्यासारखंच दिसतं."

इतकी वर्षं त्या घरात राहून मलाही ते तसंच वाटत आलं होतं. दोघांचं आपसात पटत नाही, असं मी माहेरी सांगूनसुद्धा टाकलं होतं. आम्ही तिथूनच बँकेकडं मागं फिरलो.

सासूबाईंची परवानगी राहिली होती. ती घरी येऊन घेतली. "ठेवीवर कार्ड काढतोय," सासरे त्यांच्या कानाशी ओरडले. "ठेव मोडत नाही."

"मोडणार नाही ना?"

"नाही."

"मग काढा," त्या म्हणाल्या. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतली.

कार्ड पोस्टानं आलं. निळं, साधं, एका कोपऱ्यात सोनेरी चिप. सासऱ्यांनी पिन म्हणून लग्नाचं साल ठेवलं आणि आपल्याला काही झालं तर बायकोला माहीत असावं म्हणून ते तिला सांगितलं. सांगितलं म्हणजे अर्थातच ओरडून, तीनदा, आणि शेवटी एकेक आकडा सुटा करून. दुसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी त्यांना हसत विचारलं, "काका, लग्नाला बरीच वर्षं झाली की तुमच्या." सासरे तडक बँकेच्या मशीनवर जाऊन पिन बदलून आले. नवा पिन त्यांनी कुणालाही सांगितला नाही.

मशीन घ्यायचा दिवस आला. आम्ही चौघंही निघालो. नवऱ्यानं रजा टाकली होती. सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि सासऱ्यांनी कार्ड रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं होतं. वाटेत ते खिसा चाचपत होते. दुकानात मशीनच्या डब्या उघडून ठेवल्या. पैसे भरले की तंत्रज्ञ ती कानांना बसवून आवाज जुळवून देणार होता. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड घेतलं, यंत्रात घातलं आणि ओठ मुडपले.

"रीड होत नाहीये."

परत घातलं. परत नाही. सासऱ्यांच्या कपाळावर घाम आला. खोलीत थंडगार एसी होता. "ठेव आहे पूर्ण," ते म्हणाले. "कागद दाखवू का? घरी आहेत, आणतो."

"कागदांचं काही नाही, काका. कार्डच चालत नाहीये."

बाकीची दोन-तीन माणसं आमच्याकडं बघायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा उधारीला उभा राहिलेला माणूस, आणि त्याचं कार्ड सगळ्यांसमोर परत येत होतं. मला त्या यंत्राचा असा राग आला की ते उचलून आपटावं. तेवढ्यात सासूबाई उठल्या. त्यांना एकही शब्द ऐकू गेला नव्हता, पण चेहरे सगळ्यांचे वाचले होते. पदर सावरून म्हणाल्या, "चला घरी. मला येतं ऐकू."

तेव्हा काउंटरवरची मुलगी आपली बोटं बघत म्हणाली, "हे लाल काय लागलंय?"

कार्ड मी हातात घेतलं. सोनेरी चिपवर बरोबर मधोमध स्वस्तिक. तेलात कालवलेलं कुंकू, वर हळदीचं बोट. आमच्या घरात नवी वस्तू पूजेशिवाय वापरात येत नाही. फ्रिजला स्वस्तिक होतं, स्कूटरला होतं, नव्या ड्रमलासुद्धा होतं. सासूबाईंनी आदल्या दिवशी कार्ड देवापुढं ठेवलं होतं, आणि त्यावर सगळ्यात शोभिवंत जागा कोणती तर ती सोन्याची चौकट, म्हणून नेमकं तिथंच रेखलं होतं. सासऱ्यांना ते दिसलं होतं. पण लावलेलं कुंकू पुसत नाहीत, म्हणून त्यांनी ते तसंच रुमालात गुंडाळलं होतं.

तंत्रज्ञानं हसू दाबत कापसावर स्पिरिट घेतलं. कापूस कार्डाजवळ आलेला बघताच सासूबाईंनी त्याचा हात धरला. "पुसायचं नाही," त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी समजावलं. ओरडूनच समजावलं. यंत्र, चिप, तेल, सगळं सांगितलं. त्यातलं त्यांना काही कळलं नाही. त्यांना एवढंच दिसत होतं की आपण आपल्या हातानं नवऱ्याच्या वस्तूला लावलेलं कुंकू एक परका माणूस पुसायला निघालाय. मी मध्ये पडायला गेले, पण मलाही ओरडण्यापलीकडं काय येत होतं?

त्यांनी सगळ्यांचे चेहरे पुन्हा एकदा पाहिले. काउंटरवर डब्या उघड्या होत्या, त्याही पाहिल्या. मग कार्ड माझ्या हातून घेतलं, त्यावरचं कुंकू अनामिकेनं अलगद टिपलं आणि आपल्या कपाळावर लावलं. उरलेलं टिपून सासऱ्यांच्या कपाळाला लावलं. मग ते कार्ड तंत्रज्ञापुढं केलं आणि म्हणाल्या, "आता काय करायचं ते कर."

स्पिरिटनं तेलकटपणा गेला. कार्ड आत गेलं. सासरे यंत्रावर इतके वाकले की त्यांचा पिन त्यांच्या त्यांनाच दिसला असेल की नाही कोण जाणे. कागद बाहेर आला. हप्त्यांवर मान्य.

हप्त्यांचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. दर महिन्याला पेन्शन जमा झाली की सासरे बिल निघायच्या आधीच पैसे भरायला बँकेत हजर. त्या बाई म्हणायच्या, "काका, बिल तर निघू द्या." हे म्हणायचे, "बिल निघायची वाट बघणारे लोक मी पाहिलेत." शेवटचा हप्ता फिटल्यावर मी विचारलं, आता सोडचिठ्ठी द्यायची ना? ते म्हणाले, "असू दे. चांगल्या वळणाचं आहे."

तर त्या दिवशी तंत्रज्ञानं दोन्ही कानांना मशीन बसवलं आणि संगणकावर काहीतरी दाबलं. सासूबाईंनी भिवया उंचावल्या. खोलीभर नजर फिरवली. मग बांगड्या हलवून पाहिल्या, परत हलवल्या. सासऱ्यांना राहवलं नाही. सवयीनं ते त्यांच्या कानाशी वाकले आणि जोरात विचारलं, "ऐकू येतंय का?"

त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "अहो, ओरडता कशाला? मी काय बहिरी आहे?"

नवरा हसला, मी हसले, काउंटरवरची मुलगी हसली. आणि सासूबाई आमच्याबरोबर हसल्या. मागून नाही.

घरी आलो. दुपारचा चहा झाला. सासरे जरा बावचळल्यासारखे झाले होते. काही बोलायला तोंड उघडायचे, आवाज चढवायचे, मध्येच आठवायचं आणि थांबायचे. हळू कसं बोलतात हेच ते विसरून गेले होते. एकदा त्यांनी "चहात साखर कमी आहे" हे वाक्य तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "पहिल्यांदाच कळलं होतं." मग दोघं आपल्या खोलीत गेले. मी ओट्यापाशी मेथी निवडत बसले.

थोड्या वेळानं नवरा आत आला. "आई-बाबा कुठंयत?"

"खोलीत. बोलत बसलेत."

तो दाराच्या दिशेनं बघत राहिला. लोटलेल्या दाराआडून आवाज येत होता. आधी सासऱ्यांचा, बराच वेळ, एकसारखा. मध्ये सासूबाईंचं काहीतरी विचारणं, आणि परत त्यांचा. त्या घरात मी आले तेव्हापासून त्या दोघांचा शब्दन् शब्द मला आणि अख्ख्या शेजाराला पाठ होता.

"काय बोलतायत?" नवऱ्यानं विचारलं.

मी कान देऊन पाहिलं. "ऐकू येत नाही," मी म्हटलं. आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात चोरासारखे गप्प उभे राहिलो.